वळणावरचे दोन गुण

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे! बँकॉकचा धूर सुटला. डोंगरातलं जिल्हा रुग्णालय, खोली ऐसपैस, खिडकीबाहेर सागाची झाडं. माझी लेक ख्वान (वय सात, बोलणं सत्तरीचं) नव्या शाळेवर खूश आहे. शाळा घाटापलीकडे, म्हणजे रोज सकाळी मलाच सोडायला जावं लागणार. माझं काम इथेही तेच: मोठ्या आजारातला माणूस अजून गाडी चालवू शकतो का ते ठरवायचं. आधी नजर, हातपाय, स्मरण तपासायचं, मग घाटातून फेरी. गाडीला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. मागे फायली घेऊन थवीलताई, इथल्या जुन्या परिचारिका.

६ नोव्हेंबर
पाचव्या वळणावर घाट राखणाऱ्या कुण्या आजींच्या आत्म्याची घुमटी आहे. समोर लाल सरबताच्या बाटल्या, झेंडूच्या माळा. जो तो तिथे तीनदा हॉर्न वाजवतो, वर स्टिअरिंग सोडून हात जोडतो! मेंदूत गाठ असलेल्यानं ऐन वळणावर हात सोडायचे? मी नियमच केला: हॉर्न किंवा नमस्कार, दोन गुण वजा, म्हणजे नापासच. थवीलताई म्हणाल्या, "अगं, ते परवानगी मागणं असतं. तुझ्या घरात कुणी न विचारता शिरलं तर चालेल तुला?" मला हसू आलं. मी स्वतः कधीच वाजवत नाही.

११ नोव्हेंबर
खामपॅन काका, प्रवासी पिकअपवाले. मेंदूत गाठ. परवाना गेला तर घरी बसावं लागेल, म्हणून माझा नियम त्यांनी काटेकोर पाळला. वळणावर ना हॉर्न, ना नमस्कार. तेवढ्यात कचकन ब्रेक! पाठीवर टोपली घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. माझा पाय हलायच्या आत गाडी थांबली होती. पूर्ण गुण दिले. काका म्हणाले, "सून म्हणते, म्हातारबा, आता खाट धरा. दाखवतोच तिला!" फायलींतून डोकं वर काढून थवीलताईंनी विचारलं, थांबलो कशाला?

१४ नोव्हेंबर
बुआलाई मावशी, मूत्रपिंडं निकामी होत आलेली. हॉर्न दाबून वर मलाच म्हणाल्या, "गुण तुझे, जीव माझा." नापास. म्हातारी आज नव्हती.

२० नोव्हेंबर
खामपॅन काका गेले, झोपेतच. फार वाईट वाटलं. गेल्या आठवड्यात पास केलेले हृदयरोगी मास्तरही गेले. तेही म्हातारीसाठी किती छान थांबले होते.

२७ नोव्हेंबर
फायली काढून बसले. पास झालेले पाच. पाचही वळणावर गप्प राहिलेले, तिच्यासाठी थांबलेले. एकही उरला नाही. हॉर्न वाजवून नापास झालेले मात्र सगळे आहेत, बुआलाई मावशी तर बाजारात भाजी विकतात. थवीलताईंनी म्हातारी कधीच पाहिलेली नाही. त्या मागे बसून दर वेळी हात जोडतात.
मी तिला पाहते. रोज त्याच रस्त्यानं जाते. ख्वानला घेऊन.

२८ नोव्हेंबर
नियम खोडला. घुमटीपुढे सरबत ठेवलं, माळ वाहिली, रडून माफी मागितली. रस्त्यावर कधी कोणी आजी दिसते का, असं ख्वानला विचारलं. म्हणाली, रस्त्यावर? नाही. माझा जीव भांड्यात पडला.

१ डिसेंबर
शाळेच्या फेरीत पूर्वी ती पलीकडच्या कडेला असायची. आज बॉनेटला टेकून— मी हॉर्न वाजवते तरी— आजी, मला ने, पण पोरीला—

२ डिसेंबर, सकाळ
तीनदा हॉर्न. रस्ता रिकामा. ख्वानला म्हटलं, गेली बाई एकदाची.
"गेली कुठे? पिकअपवाले हॉर्न देऊन माणसं घेतात ना, तसं तूच तर तिला घेतलंस."
गाडी कडेला लावलीय. मागे वळू नये म्हणून लिहितेय. आरशात बघणार नाही. मागे ख्वान सरकून कुणाला तरी जागा देतेय. म्हणते, आई, आजीची टोपली रिकामी आहे, ती म्हणते, मी टोपलीत मावते का ते—