एका माणसाची जागा

प्रिय ठमे,

घराचं काय झालं म्हणून तू दर फोनला विचारतेस आणि मी 'बघतोय' म्हणून विषय बदलते. फोनवर तुला माझा आवाज लगेच कळतो, म्हणून हे पत्र.

आमच्या एजंटबाई तुला आवडल्या असत्या. बाबांनी त्यांचं नाव उजेडबाई ठेवलंय. कुठल्याही घराचं कुलूप उघडलं की आधी धावत जाऊन सगळे दिवे लावायचे आणि मग म्हणायचं, "वहिनी, उजेड बघा!" एका खिडकीसमोर तर शेजाऱ्यांची भिंत हातभरावर होती. बाई म्हणाल्या, "कुणाची नजर नको, वारा नको, किती निवांत!" जिन्यात येईपर्यंत आम्ही कसंबसं हसू दाबलं. गाडीतही हसतच होतो. किती दिवसांनी, ठमे! तू गेल्यापासून आमचं बोलणं दूध आणलं का, गॅस बंद केला का, एवढ्यावर आलं होतं. आता बाबा नळ सोडून पाण्याचा जोर बघायचे, भिंतीला हात लावून ओल तपासायचे, मला 'कपाटात तुझे डबे मावतील का बघ' म्हणायचे. मला वाटलं, घर शोधता शोधता आमचं जुनं काहीतरी सापडतंय.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचं एक घर जवळजवळ पक्कं झालं. लिफ्ट आहे, स्वयंपाकघराला लागून बाल्कनी. बाबा गाडी काढायला पुढे गेले आणि कुलूप लावता लावता उजेडबाईंनी सहज विचारलं, "साहेबांच्या मित्राचं काय ठरलं? त्या एका खोलीला दुसरं गिऱ्हाईक आलंय." मी म्हटलं, कुठला मित्र? "ते नाही का, गुडघा दुखतो म्हणून तळमजलाच हवाय त्यांना. साहेबांनी स्वतः फरशीवर आडवं होऊन पाहिलं, पलंग मावतो का ते." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. मागच्या घराचा जिना बाबा गुडघा धरून उतरले होते, ते त्यांनीही पाहिलं होतं. मग त्या नुसत्याच किल्ल्या चाळत राहिल्या.

घरी येऊन मी सरळ विचारलं. बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "सांगणारच होतो. म्हटलं, आधी तुझी चांगली सोय लावू दे." म्हणजे तो नळ, ती ओल, ती बाल्कनी, सगळं मला नीट ठेवून निघून जाण्यासाठी. दुसरी कुणी बाई नाही, तेही त्यांनी सांगितलं. एकट्याने राहायचंय, बस्. कुणी असती तर निदान तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्या घराला मी नकार कळवला. उजेडबाईंना म्हटलं, आता माझ्या एकटीपुरतं दाखवा. त्या म्हणाल्या, "मी स्वतः घ्यायला येते, वहिनी. रिक्षाबिक्षा करू नका."

रविवारी बाबा तुला फोन करणार आहेत. 'आम्ही दोघांनी विचार करून ठरवलं' असं सांगू या, म्हणजे पोरीला त्रास होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर मी मान डोलावली. पण ठमे, मी काहीच ठरवलेलं नाही. मला फक्त कळलं. त्यांच्याशी नीट बोल, तोडून टाकू नकोस. बाप आहे तुझा. फक्त 'आईची तयारी आहे ना?' असं त्यांना विचारू नकोस. ते हो म्हणतील. हा प्रश्न मला विचार.

तुझीच,
आई