टेपचं खालचं टोक

मंगळवार, संध्याकाळ. आर. के. पुरम.

पानिपतजवळच्या त्या गावातून आत्ताच परतले. चौपाल मोजून आले, म्हणजे गावाची बैठकीची जागा. उंच ओटा, विटांच्या कमानी, काय देखणी आहे यार! ती पाडून तिथे हॉल बांधायचाय, आणि मी गेले होते ती वाचवायच्या इराद्याने.

ओट्याची उंची घेताना टेपचं टोक सरपंचबाईंनी धरलं. मी वर, त्या खाली, तोंडावर घूंघट. म्हटलं, "ऊपर आइए ना." तर म्हणाल्या, "ना जी, बहुएँ चौपाल पर नहीं चढ़तीं."

सरपंच आहे ही बाई! मग पाडाच की. कशाला वाचवायची?

खाली उतरून विचारलं, नव्या हॉलमध्ये तरी बसाल ना? त्यांनी माझ्या हातातल्या नकाशावर मागचं दार दाखवलं, स्वयंपाकघराकडचं. "हमारे लिए है. मर्दों ने कहकर बनवाया." नकाशा आमच्याच आर्किटेक्ट ऑफिसचा. त्या दारावर आम्ही लिहिलंय, 'सर्व्हिस एंट्री'.

रिपोर्ट उघडून बसलेय. 'वाचवा' लिहू की 'पाडा'? आत्तापर्यंत लिहिलीय ती फक्त ओट्याची उंची. ती बिल्कुल बरोबर आहे. बाईंनी वाकून टेपचं टोक जमिनीवर घट्ट दाबून धरलं होतं, जराही हलू दिलं नाही.