समोरच्या दाराचा डबा

४ ऑगस्ट
आले बाई एकदाची योकोहामाच्या राजेशाही हॉटेलात. फोनसमोर बोललं की तो लिहून घेतो, असं नातीने, क्षिप्राने, दाखवलं. म्हणजे अंगठेबहाद्दर दुर्गाबाईंचीही रोजनिशी सुरू झाली. मुलाच्या, प्रल्हादच्या, घरात वरच्यांचा नळ फुटून पाणी शिरलं, म्हणून त्याच्या कंपनीने आम्हाला चार दिवस स्टेशनच्या डोक्यावर आणून बसवलंय. शंभर वर्षांच्या विटा, वर घुमट, पायाखाली गालिचे. खाली गाड्या धावतात आणि वर माणसं कुजबुजतात. मी लिफ्टमधून उतरले की चौघं कमरेत वाकतात; यांना लचक भरत नाही का, देव जाणे. चहा म्हणजे गवत विसळलेलं पाणी. मुलगा-सून कामाला जातात, नऊ वर्षांची क्षिप्रा सुट्टीची माझ्याजवळ. मी मराठीत रागावते, ती जपानीत उलट बोलते. छान जमतं आमचं.

५ ऑगस्ट
सकाळी दारात काळा लाखेचा डबा, रेशमी रुमालात बांधलेला. आत तीन गोड गोळे, चवीला साबण. रुमालाची गाठ समोरच्या दाराकडे, म्हणजे तिथल्याच कुणा बाईने ठेवला असणार. सूनबाई अनघा म्हणाली, इथेही भेटीला उलट भेट देतात, पण निम्म्या मोलाची. मग देवघेव आपोआप मिटते. निम्मी! केवढं ते कोतं मन. आमच्यात शेजारणीचं भांडं भरून परत जातं. पाच बेसनाचे लाडू भरले आणि डबा समोरच्या दाराशी ठेवला. खा म्हणावं, आयुष्यात एकदा तरी काही चवीचं.

६ ऑगस्ट
डबा परत. आत चांदीचा कंगवा, जुना, नक्षीचा. म्हणजे बाई लाडवांवर कुरघोडी करते आहे. मी कानातल्या सोन्याच्या कुड्या काढून डब्यात घातल्या आणि डबा समोरच्या दाराशी ठेवला. दुर्गा कुणाच्या उपकारात राहत नाही.
मग क्षिप्राला घेऊन खाली चौकशी केली. टाय लावलेल्या बाबाने सांगितलं, त्या दारामागे खोलीच नाही, नुसती भिंत आहे, दार शोभेचं. मी म्हटलं, मग भिंतीला कुड्या शोभून दिसतील. क्षिप्राने याचं जपानी केलं नाही.
पण वर आलो तेव्हा डबा उचललेला होता.

७ ऑगस्ट
डबा जड. आत वेणी. लहान मुलीची, काळीभोर, टाळूपासून कापलेली. हाताला कोमट लागली.
यावर भरून काय द्यायचं, ते मला कळलं. शिष्ट, आगाऊ बाई. एवढी मजल.
डबा वेणीसकट परत ठेवला. आत आपलं काही घातलं नाही. जन्मात पहिल्यांदा.
प्रल्हादला सांगितलं तर हसला. म्हणाला, कुणाचा तरी चावटपणा. उद्या संध्याकाळी घरी जाऊच.

८ ऑगस्ट, सकाळ
वेणी क्षिप्राच्या उशीवर. तिची नाही, पोरीचे केस मानेपर्यंतच आहेत —
क्षिप्रा उठत नाही. श्वास चालू, अंग गार. अनघा हाका मारते. डॉक्टर फोनवर म्हणाला, हॉस्पिटलात न्या. मुलगा-सून स्ट्रेचर आणायला खाली धावलेत. मी पोरीचे पाय चोळते आहे —
ओठ निळे पडताहेत.

जरा वेळाने
दारात पेटी. काळी, लाखेची. रुमाल नाही, झाकण उघडं. मोकळी.
नऊ वर्षांची पोर मावेल एवढी.
दुर्गे, तुला मोठेपणा हवा होता ना. घे —

समोरचं दार उघडं आहे. भिंत नाही.
मी आतल्या बाईला म्हटलं, "कोवळं काय कुणीही खातं. चिवट पचवून दाखव."
पेटीत पाय ठेवला. तिकडे क्षिप्राच्या ओठांवर रंग — हो, रंग आला —
गुडघे मुडपले की मी मावते.
प्रल्हाद, फोन तुला गालिच्यावर सापडेल. पोरीला गरम दूध दे. आणि नीट ऐक, माझ्या बदल्यात दारात काहीही आलं तरी उचलू नकोस, अगदी माझ्या आवाजात कुणी घे म्ह