जोडलेलं वाक्य

३ जून
अपघाताचा रिपोर्ट गेला! मुकादम म्हणून मीच लिहायचा, तोही इंग्रजीत, म्हणजे माझी चार मोडकी वाक्यं — कटिंग मशीन चालू होतं. हात अडवणारी जाळी वर होती. मशीनवरच्या मावशींनी हात घातला. दोन बोटं गेली. धाकटी लेक म्हणाली, "बाबा, किती तुटक! आणा, जोडते." जोडलं. मी सही केली.

४ जून
साहेब खूश. "इंग्रजी सुधारलं की हो!" मान खाली घालून हसलो.

९ जून
पुन्हा लिहायला सांगितलं तर? संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं. सगळी लेकीच्या वयाची. दोन वाक्यांचं एक करायचं — मध्ये 'बिकॉज' म्हणजे कारण, नाहीतर 'ऑल्दो' म्हणजे जरी. माझी दहाच्या दहा चुकली. शेजारचा म्हणाला, "काका, नुसता पूर्णविराम देऊन सुटता येत नाही!" सगळे हसले. मीही.

१२ जून
रिपोर्टवर मावशींचा अंगठा हवा होता. घरी गेलो. उजव्या हाताचं पांढरं गाठोडं झालंय. डाव्या हाताने पाणी दिलं. काय लिहिलंय, विचारलंही नाही. "तुम्ही लिहिलंय ना भाऊ, मग झालं." डावा अंगठा उमटवला.

१३ जून
रिपोर्टमधलं वाक्य वहीत उतरवून फोडलं. अर्थ निघाला — मावशींनी जाळी उघडून हात घातला, म्हणून अपघात झाला.
लेक डोकावली. "व्याकरण चुकलं का?"
"नाही गं. एकदम बरोबर आहे."
तिला काय ठाऊक! जाळी मी बांधतो. पाळी सुरू झाली की तारेने वर. सारखी खालीवर करत बसलं तर माल निघत नाही. हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

१६ जून
शुक्रवारी चौकशी. हलगर्जीपणा म्हणून मावशींना काढणार.

१७ जून
नवा रिपोर्ट लिहिला. एकट्याने. 'जाळी वर होती, कारण ती मी बांधली होती.' वर्गातल्या बाईंनी एक स्पेलिंग सुधारलं. मग त्यांचं पेन थांबलं.
"वाक्य बरोबर आहे. खरं आहे?"
"हो."

१८ जून
साहेबांना दिला. म्हणालो, पहिला लेकीने लिहिला होता, मला नीट कळला नाही. त्यांनी बराच वेळ वाचला. "न कळून झालं ना? मग चूक धरू. मावशी राहतील. तुम्हीही राहाल."
हात जोडले मी!

१९ जून
तीन जूनलाच कळलं होतं. सही करण्याआधी दोनदा वाचलं होतं.