बिनपेशींची प्लेट

३ जून
प्लेट जांभळी! पुन्हा जांभळी! चेतापेशींना विष पाजलं, पण ब्राह्मीचा अर्क दिलेल्या तगल्या. जिवंत पेशी रंगद्रव जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत — इतकं सोपं. तीन वर्षांत एकदाही दगा नाही. सर म्हणाले, पेपर पाठवून टाका.

घरी आईने चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. त्याच ब्राह्मीचा काढा तिला दोन महिने चालू आहे. सकाळी मी लॅबला पळते, काढा बाबा पाजतात. फरक आहे म्हणतात. मला दिसत नाही, पण माझा जीव तेवढ्यावरच टांगलाय.

११ जून
आईने विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ जून
शेजारच्या टेबलावर शंकासुर बसतो. नाव मीच ठेवलंय, कारण त्याला काहीच पटत नाही. आज विचारतो, बिनपेशींची प्लेट कधी लावलीस का? नुसता अर्क आणि रंगद्रव? म्हटलं, पेशीच नाहीत तर रंग काय आभाळातून पडणार? तरी लावली. त्याचं तोंड बंद करायला!

१९ जून
जांभळी.

पेशी एकही नाही, आणि प्लेट जांभळीगर्द. रंग अर्कच आणतो. मी तीन वर्षं काढ्याचा रंग बघत होते आणि त्याला जीव म्हणत होते. पहिल्याच दिवशी करायची तपासणी! अर्कावर इतका विश्वास होता की सुचलीच नाही.

२१ जून
सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजली. अर्क द्या, न द्या — सारख्याच मरतात. सरांनी आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाले, पेपर मागे घेऊ. रागावले असते तर बरं झालं असतं. शंकासुराने चहा आणून ठेवला. त्याचाच जास्त राग आला.

आता दुसरं काही हातात नाही. आईसाठी काहीच नाही.

२४ जून
बाबांना सांगितलं. काढ्यात काही नाही, बंद करा, उगाच तिला कडू पाजू नका. वाटलं, आईसाठी खचतील. पण ते घासाघीस करायला लागले — अगदीच बंद? अर्धा पेला? एक दिवसाआड? ब्राह्मीच्या पावडरचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी चिडले. नको तितकं बोलले. म्हटलं, तुम्हाला शास्त्र कळतं की मला?

रात्री जेवले नाहीत.

२५ जून
आई काढा थुंकायची. बाबांनी तिला पहिल्याच आठवड्यात बंद केला होता.

तेव्हापासून रोज तो काढा स्वतःच पीत होते. आज म्हणाले, "तेव्हा दोनदा असं झालं होतं बघ. कोपऱ्यावर उभा होतो, आणि आपलं घर कुठल्या बाजूला तेच आठवेना."