ताईच्या शहरातली माझी आवडती स्थळं

२ मे, विमानात
घरच्यांना वाटतंय, आपण ताईला भेटायला आणि परदेश बघायला चाललोय. वाटू दे. खरा प्लॅन माझ्या डोक्यात आहे. ताईचं मन वळवायचं आणि तिला परत घरी आणायचं. नोकरीला म्हणून गेली त्याला दोन वर्षं झाली. पुरे झालं आता.
बाकी स्थळं बघणं वगैरे आहेच. सुट्टी संपली की वर्गात 'माझी आवडती स्थळं' फोटोंसकट सांगायची आहेत. दोन्ही कामं आरामात होतील. लोकांना पटवणं मला उत्तम जमतं.
एअर होस्टेसकडे खिडकीची सीट मागितली. नाही म्हणाली. पण मी फारसा जोर लावलाच नव्हता.

३ मे
ताई विमानतळावर आली होती. वाळलीये. मी आता तिच्यापेक्षा उंच आहे, तरी सगळ्यांदेखत 'टिल्ल्या' म्हणून ओरडली. रागावणार होतो, राहून गेलं.
तिचं घर म्हणजे एक खोली. चौघांनी एकदम वळायचं म्हटलं तर एकाला बाथरूममध्ये जावं लागतं. एवढीशी खोली सोडताना कुणाला जड जाणार? काम सोपं आहे.

४ मे
ताईला सुट्टी नाही. ती हॉटेलात रिसेप्शनला आहे. ऐन सीझन, त्यात बरोबरच्या मुली आजारी. संध्याकाळी निवांत बोलू म्हणाली. संध्याकाळी आली आणि बूट न काढताच झोपली. आई म्हणाली, उठवू नकोस रे तिला. मी उठवणारच नव्हतो. आल्या आल्या विषय काढणं घाईचं दिसतं.
दुपारी बाबा आणि मी किल्ला बघायला निघालो. नकाशा उलटा धरला नव्हता असं बाबांचं म्हणणं. पोचलो बस डेपोत. पण डेपो भव्य आहे. आवडत्या स्थळांत घेतला.

५ मे
नवं स्थळ : बिल्डिंगखालचं लॉन्ड्रीचं दुकान. मशिनच्या गोल काचेतून लोकांचे कपडे गरगर फिरताना दिसतात. खूप वेळ बसलो. स्थानिक लोकांशी संवादही साधला. एक आजोबा त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, मी 'येस' म्हणालो. ते उठून पलीकडच्या बाकावर गेले.
मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकाने विचारलं, तुमचं मशिन बिघडलंय का? बाकी कुणी काही नाही. त्यांना प्रवास कळत नाही.
ताई आली तेव्हा मी झोपलो होतो. म्हणजे डोळे मिटून विचार करत होतो. तिने माझं पांघरूण सारखं केलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या नक्की.

७ मे
काल जमलं नाही. आज धडक कृती. घरी सापडत नाही तर कामावर गाठायची. बागेत जातो असं आईला सांगून थेट हॉटेलवर.
लॉबीतल्या सोफ्यावर बसून आधी परिस्थितीचा अभ्यास केला. ताई सगळ्यांशी इतकी हसून बोलते! एका म्हाताऱ्या जोडप्याला नकाशावर गोल काढून दिले, दारापर्यंत पोचवून आली. आमच्याशी अशी कुठे बोललीये आल्यापासून?
मग मी रांगेत उभा राहिलो. वाक्य घोटून तयार होतं : ताई, बास झालं, घरी चल.
माझा नंबर आला. ताई मान खाली घालूनच त्यांच्या भाषेत काहीतरी गोड म्हणाली. मग वर बघितलं आणि दचकली. टिल्ल्या? आई बरी आहे ना? मी हो म्हणालो. मग इथे काय करतोयस? माझ्या मागचा सूटवाला घड्याळ बघत होता. मी म्हणालो, इथे बघण्यासारखं काय काय आहे?
तिने खरंच नकाशा काढला. मनोरा, नदीकाठ, म्युझियम. गोल, गोल, गोल. तुला कुठलं आवडलं, मी विचारलं. म्हणाली, मी कुठे गेलेय रे? एकटीने काय बघायचं?
सूटवाला खाकरला. मी बाजूला झालो.
म्हणजे ताईला इथे करमत नाही. माझी बाजू भक्कम. तो काउंटर आवडत्या स्थळांत पहिला.

९ मे
आई-बाबांना प्लॅन सांगून टाकला. बाबा म्हणाले, तिला नाही यायचं. मी म्हटलं, तुम्ही विचारलंत तरी का? म्हणाले, गेल्या वर्षीच विचारलं. आई सिंककडे तोंड करून भांडी घासत राहिली. भांडी केव्हाच स्वच्छ झाली होती.
बाबांची विचारण्याची पद्धत चुकली असणार. ते एकदम मुद्द्यावर येतात.

११ मे
उद्या परतायचं. ताईने आज सुट्टी काढली होती, सगळ्यांनी मनोऱ्यावर जायचं ठरलेलं. वर वारा, खाली सगळं शहर, तिथे तिला बाजूला घेऊन बोलणार होतो.
निघतानाच बेल वाजली. दोन माणसं लांबलचक खोकी दारात टेकवून गेली. ताईने कपाळावर हात मारला. कपाट मागवलेलं, आज येणार हे साफ विसरले म्हणाली. आई-बाबांना म्हणाली, तुम्ही जा, परत कधी बघणार? मग मला म्हणाली, टिल्ल्या, तू थांबशील माझ्याबरोबर?
थांबलो. आयती संधी.
दिवसभर आम्ही दोघं जमिनीवर, सगळीकडे फळ्या. एक दार उलटं लागलं, तेव्हा ताई पोट धरून हसली. काउंटरवरचं हसू नव्हे, आमच्या घरातलं. मग म्हणाली, दोन वर्षं सुटकेसमधून कपडे काढतेय रे. वाटायचं, आज ना उद्या परत जायचंच आहे, कपाट कशाला? आता नाही तसं वाटत. थोड्या वेळाने म्हणाली, तुला काहीतरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, हो, तो बारका स्क्रू दे.
घाबरण्यासारखं काही नाही. स्क्रू लागतात तसे निघतातही.
तेवढ्यात ताई शेजारणीकडून ड्रिल घेऊन आली. कपाट मागून भिंतीत पक्कं करायचं असतं म्हणे. म्हणाली, मला भीती वाटते, तू धर. मी धरलं. भोक सरळ पडलं, पट्टी घट्ट बसली. ताईने दोन्ही हातांनी जोर लावून कपाट हलवून बघितलं. जराही हललं नाही.
हातात घेतलेलं काम मी पक्कंच करतो.