वरच्या रिकाम्या घराची किल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाला न भिता किंवा गोड बोलण्याला न भुलता लिहून ठेवत आहे. गोड बोलणारे पुष्कळ येऊन गेले. मी कोणाला बसा म्हटले नाही.

१. तळमजल्यावरचे राहते घर मुलाला. आईच्या हयातीत त्याने ते विकू नये. विकेल असा संशय आहे, म्हणून लिहिले.

२. शेजारचे भाड्याचे घर मुलीला. त्यात राहणाऱ्या शिंप्याला काढू नये. माणूस सरळ आहे. इतका सरळ कसा, यावर मात्र लक्ष ठेवावे.

३. वरच्या घराबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. मागे ते रिकामे असताना एक भामटा कुलूप तोडून शिरला आणि मीच भाडेकरू म्हणत ठाण मांडून बसला. त्याला बाहेर काढताना माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून घर रिकामे झाले की मी दाराबाहेर माझ्या जुन्या चपला ठेवतो. गॅलरीत आमचे कपडे वाळत घालण्याचे काम पत्नीकडे दिले.

गेल्या वर्षी भाडेकरू गेला आणि आत खुणा दिसू लागल्या. खुर्ची खिडकीशी सरकलेली, मोरीत ओला कप. मी पुतण्यावर संशय घेतला आणि त्याच्याशी बोलणे टाकले. कुलूप बदलले. नव्या किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात, दुसरी पत्नीकडे, कपड्यांपुरती. तरी खुर्ची सरकलीच, तेव्हा कुलूपवाल्याला चोर ठरवले.

शेवटी एका दुपारी पाऊल न वाजवता वर गेलो. खुर्चीत पत्नी होती. खिडकीला पाय टेकवून गात होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला गाता येते हे मला ठाऊक नव्हते.

"इथे काय करतेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरात कुणीतरी राहतंय असं दिसायला हवं."

"म्हणून रोज?"

"खाली तुम्ही विचारता, कुठे गेली होतीस, इतका वेळ का लागला, कुणाशी बोललीस. इथे कुणी विचारत नाही."

आधी मला राग आला, मग फार वाईट वाटले. किल्ली मागायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

४. हत्यारांची पेटी पुतण्याला, त्याने घेतली तर. कुलूपवाल्याला काही नाही. चोर नसला तरी कुलपाचे पैसे त्याने जास्तच लावले.

५. सबब वरचे घर पत्नीला, पूर्ण मालकी हक्काने. भाड्याने द्यावे की रिकामे ठेवावे, हे तिने ठरवावे. तिला न विचारता मुलगा, मुलगी, सून कोणीही आत शिरल्यास घुसखोर समजावे. दाराबाहेरच्या माझ्या चपला काढून टाकाव्यात.

साक्षीदार:
शिंपी (सही करण्याआधी त्याने दोनदा वाचले; का, ते कळले नाही)
आमचे डॉक्टर (शेरा: बुद्धी शाबूत, संशय जुनाट)

लिहून ठेवणार: सही

ठिकाण: तळमजला, दार आतून लावून
दिनांक: पाच जून, दुपार. पत्नी वर आहे. तिला हाक मारलेली नाही.